सौदा मोडला, पुढे काय?

पैसे बुडाले की आपल्याकडे पहिला प्रश्न निघतो तो 'कोणी बुडवले?' हा. नाव छापून येते, गुन्हा नोंदला जातो, मालमत्तेवर टाच येते, मोर्चे निघतात. हे सारे आवश्यकच आहे. परंतु आणखी एक प्रश्न असतो आणि तो सहसा कोणी विचारत नाही. समोरच्याने पैसे दिले नाहीत हे ज्या दिवशी कळले, त्या दिवशी तो व्यवहार कोणत्या भावाने, किती दिवसांत आणि कोणाच्या पैशातून मिटवायचा, हे आधी ठरले होते काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर न्यायालय देते आणि त्याला दहा-पंधरा वर्षे सहज लागतात. दुसऱ्याचे उत्तर व्यवहारापूर्वीच हातात असावे लागते. ते नसेल, तर पहिल्याचे उत्तर मिळूनही घरात फारसे काही परत येत नाही.

विषय वायदेबाजाराचा आहे. 'आपला काय संबंध?' असे म्हणून पान उलटण्याची घाई वाचकांनी करू नये. मराठवाड्यातील कापूस, सोयाबीन, मका यांच्या भावाशी वायद्याचा संबंध आहेच. शिवाय आज छत्रपती संभाजीनगरच्या कोणत्याही वसाहतीत मोबाईलवर 'फ्युचर्स-ऑप्शन्स' करणारी तरुण मुले सापडतील. त्यांच्या आईवडिलांना त्यातले फारसे कळत नाही आणि विचारण्याचा संकोच वाटतो. म्हणून प्रारंभापासूनच सांगितलेले बरे.

मोंढ्यातले उदाहरण

मराठीत 'वायदा' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक वचन आणि दुसरा मुदतीचा सौदा. वास्तविक दोन्ही एकच आहेत. अमुक दिवशी, अमुक भावाने माल देईन किंवा घेईन, असे आज दिलेले वचन म्हणजे वायदा.

समजा, सिल्लोडच्या एका शेतकऱ्याने जिनिंगवाल्याशी बोली केली की, दिवाळीला १०० क्विंटल कापूस ७,००० रुपये भावाने देईन. दिवाळी आली तेव्हा भाव ६,४०० वर घसरलेला होता. जिनिंगवाल्याने हात वर केले. आता शेतकऱ्याने काय करावे? रडत बसावे, वकील गाठावा की गाडी भरून जाधववाडीला न्यावी? शहाणपणाचा मार्ग तिसरा. त्याने माल त्या दिवसाच्या भावाने विकावा, ६ लाख ४० हजार पदरात पाडून घ्यावेत आणि उरलेले ६० हजार रुपये वचन मोडणाऱ्याकडून मागावेत. सौदा तिथे संपला. कापूस किती, पत कशी, बोली काय झाली, या साऱ्याचे रूपांतर एका आकड्यात झाले. वायदेबाजाराच्या भाषेत यालाच सौदा कापून हिशेब मिटवणे म्हणतात. जगभरच्या बँका आणि बाजार हेच करतात, फक्त त्यांचे आकडे मोठे असतात.

यात नवे काही नाही. १९३० च्या वस्तुविक्री कायद्यात हे तत्त्व लिहिलेले आहे. माल विक्रेत्याच्या ताब्यात असेल आणि ग्राहक पैसे देत नसेल, तर त्याला आधी नोटीस द्यावी, वाजवी मुदत द्यावी आणि मग माल दुसऱ्याला विकून झालेले नुकसान त्याच्याकडून वसूल करावे. आणि नोटीस न देता माल विकला तर? मग नुकसान मागता येत नाही. उलट भाव चढलेला असल्यास वरचा नफासुद्धा कसूर करणाऱ्या ग्राहकाच्या खात्यात जातो! कायदा सौदा मोडण्याची मुभा देतो, पण आधी कळवण्याची अट घालतो. भावाबाबतही करारकायद्याचे सर्वसाधारण सूत्र असे की, करार ज्या दिवशी मोडला त्या दिवसाचा बाजारभाव धरावा. 'आणखी महिनाभर थांबून पाहू' म्हणणाऱ्याने थांबण्याचा धोका स्वतःच्या डोक्यावर घ्यावा.

याच उदाहरणात आणखी एक गाठ मारू. समजा, त्याच जिनिंगवाल्याचे दुसऱ्या एका आडत्याशी दोन सौदे होते. कापसाच्या सौद्यात आडत्याला ७० हजार येणे होते आणि सरकीच्या सौद्यात आडत्याकडून जिनिंगवाल्याला ५० हजार जाणे होते. जिनिंगवाल्याचे दिवाळे निघाले. व्यवहार जाणणारा कोणीही म्हणेल की, वजावट करा, २० हजारांचा प्रश्न उरतो. पण दिवाळखोराची मालमत्ता सांभाळणारा अधिकारी म्हणू शकतो, "तुमचे ५० हजार आज पूर्ण भरा. तुमच्या ७० हजारांसाठी इतर सावकारांच्या रांगेत उभे राहा. रुपयाला दहा पैसे मिळाले तर मिळतील." सोयीचा सौदा पाळायचा आणि गैरसोयीचा सोडून द्यायचा, ही मोकळीक राहिली की चांगला चाललेला आडत्याही त्या दिवाळ्यात ओढला जातो.

तेव्हा मोडलेल्या सौद्याला चार गोष्टी लागतात. आधी घेतलेला इसार, सर्वमान्य भाव, ठरलेली मुदत आणि सगळ्या देण्याघेण्याची एकत्र वजावट. इतिहासात या चार गोष्टी जिथे नव्हत्या तिथे काय झाले, हे पाहण्यासाठी फार दूर जावे लागत नाही.

१ जुलै १८६५

अमेरिकेत १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले आणि तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला. भाव आला तो आपल्याकडच्या काळ्या जमिनीतल्या कापसाला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. त्या पैशाला वाट हवी होती. मग बँका निघाल्या, वित्तसंस्था निघाल्या, समुद्र भरून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या. बॅकबे रेक्लमेशन कंपनीच्या ५,००० रुपये भरलेल्या शेअरला ५०,००० पर्यंत भाव येऊ लागला. या उलाढालीचे सूत्रधार मानले गेलेले प्रेमचंद रायचंद म्हणजे तेच, ज्यांच्या देणगीतून पुढे राजाबाई टॉवर उभा राहिला.

यातले पुष्कळसे व्यवहार रोखीचे नव्हते, मुदतीचे होते. ठरल्या तारखेला शेअर घ्यायचे आणि पैसे द्यायचे. एकाने दुसऱ्याला विकले, दुसऱ्याने तिसऱ्याला, तिसऱ्याने चौथ्याला. कोणाकडून इसार घेतलेला नव्हता. मध्ये हमी घेणारी संस्था नव्हती. सगळी भिस्त एकमेकांच्या तोंडावर होती. अनेक मोठ्या सौद्यांची मुदत १ जुलै १८६५ ही होती. त्याआधीच, एप्रिलमध्ये, अमेरिकेतले युद्ध थांबले, कापूस कोसळला आणि त्यापाठोपाठ शेअर. एक जुलै उजाडला तेव्हा घेणाऱ्याकडे पैसे नव्हते. त्याने दिले नाहीत म्हणून पुढच्याने दिले नाहीत आणि पुढच्याने नाही म्हणून त्याच्याही पुढच्याने नाही. ज्याची स्वतःची बाजू चोख होती तोही बुडाला, कारण त्याचे येणे बुडालेल्याकडे होते. 'भरवशाच्या म्हशीला टोणगा' ही म्हण त्या दिवशी मुंबईच्या पेढ्यापेढ्यांत खरी ठरली.

दिवाळी इतकी निघाली की, ती मिटवण्यासाठी त्याच वर्षी खास कायदा करावा लागला. मुदतीचे सट्टे न्यायालयात वसूल होऊ नयेत यासाठी मुंबई इलाख्यात आणखी एक कायदाही १८६५ मध्येच झाला. शेअरवर कर्जे वाटणारी बँक ऑफ बॉम्बे पुढे गुंडाळावी लागली आणि १८६८ मध्ये त्याच नावाची नवी बँक उभी करावी लागली. सरकारने केले ते बहुतेक वरातीमागून घोडे होते. सट्टा वाईट, एवढाच धडा घेतला गेला. मुदतीच्या सौद्यात इसार आणि हमीदार हवा, हा दुसरा धडा शिकायला आपल्याला सव्वाशेहून अधिक वर्षे लागली.

मधला हमीदार

हर्षद मेहता प्रकरण १९९२ मध्ये झाले. त्यानंतर शेअरबाजाराच्या सुधारणेचा जो रेटा आला, त्यातून राष्ट्रीय शेअरबाजाराची क्लिअरिंग कॉर्पोरेशन १९९५ मध्ये स्थापन झाली आणि एप्रिल १९९६ पासून तिने व्यवहार मिटवण्याचे काम हाती घेतले. या संस्थेचे काम सोप्या भाषेत असे. अ ने ब ला विकले की संस्था मध्ये उभी राहते. अ चा ग्राहक संस्था आणि ब चा विक्रेताही संस्थाच. ब बुडाला तरी अ ला पैसे मिळतात.

मग संस्था कोणाच्या जिवावर उभी राहते? इसाराच्या. प्रत्येकाकडून व्यवहारापूर्वीच रक्कम घेतली जाते, तिला मार्जिन म्हणतात. रोज संध्याकाळी बंद भावाने हिशेब होतो. ज्याचे नुकसान झाले त्याने ते लगेच भरायचे, साठू द्यायचे नाही. त्याने भरले नाही, तर त्याचे सौदे कापले जातात. तोटा आधी त्याच्याच इसारातून, मग संस्थेच्या स्वतःच्या पैशातून आणि अगदीच वेळ आली तर सर्व सभासदांच्या हमी निधीतून भरून काढला जातो. जुन्या बदला पद्धतीत देणे पुढच्या हिशेबात ढकलता येत असे. ती पद्धत जुलै २००१ मध्ये बंद झाली. 'उधारीचे पोते सव्वा हात रिते' हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते. बाजाराने ते उशिरा मान्य केले.

ही व्यवस्था कसोटीला लागली तर काय होते? सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी पेढी बुडाली. तिचे व्याजदराचे सुमारे ९ लाख कोटी डॉलरचे सौदे लंडनच्या एका क्लिअरिंग हाऊसमार्फत झालेले होते. सौद्यांची संख्या ६६ हजारांच्या वर. ते सगळे सुमारे तीन आठवड्यांत मिटवले गेले आणि त्यासाठी लेहमनने ठेवलेल्या इसारापैकी जेमतेम एक तृतीयांश रक्कम लागली. इतर सभासदांना एक पैसाही घालावा लागला नाही. याच लेहमनचे जे सौदे मधल्या हमीदाराविना, थेट समोरच्याशी झालेले होते, त्यांतल्या कित्येकांचे वाद भावावरून आणि तारखेवरून पुढे वर्षानुवर्षे चालू राहिले. पेढी एकच आणि दिवाळेही एकच होते. फरक पडला तो आधीच्या तयारीमुळे.

५,६०० कोटींची शिकवणी

आपल्या राज्यात याच्या नेमके उलट घडले, तेही १८६५ मध्ये नव्हे, तर २०१३ मध्ये. मुंबईत नॅशनल स्पॉट एक्स्चेंज नावाचा बाजार २००८ पासून चालू होता. नाव 'स्पॉट', म्हणजे हजर मालाचा. प्रत्यक्षात तिथे जोडसौदे विकले जात. आज माल विकत घ्या, दोन दिवसांत पैसे भरा आणि त्याच वेळी तोच माल महिन्याभराने चढ्या भावाने परत विकण्याचा सौदा करून ठेवा. मधला फरक म्हणजे तुमचे व्याज. दलाल लोकांना सांगत की, वर्षाला १४-१५ टक्के सुटतात, माल गोदामात आहे, जोखीम नाही. मध्यमवर्गीयांनी याला मुदतठेवीचा भाऊ समजून पैसे घातले. त्या वेळच्या कायद्यानुसार ११ दिवसांत माल आणि पैसे यांची देवघेव पूर्ण झाली तर तो हजर सौदा. त्यापुढचा असेल तर तो वायदा. म्हणजे हा हजर बाजाराचा सदरा घातलेला वायदाच होता आणि वायद्यावर असायला हवा तो पहारा त्यावर नव्हता.

जुलै २०१३ मध्ये केंद्र सरकारने नवे सौदे न करण्याची आणि चालू सौदे मिटवण्याची हमी मागितली. ३१ जुलैला बाजार थांबला. मिटवण्याची वेळ आली आणि सगळे उघडे पडले. सुमारे १३ हजार गुंतवणूकदारांचे ५,६०० कोटी रुपये केवळ २४ जणांकडे अडकले होते. गोदामांत सांगितला तेवढा माल नव्हता. सांगितल्या जाणाऱ्या हमी निधीचा थोडा अंशच प्रत्यक्षात होता. मग दर आठवड्याला हप्ते देण्याची योजना जाहीर झाली. ऑगस्टमधल्या पहिल्याच हप्त्याला पावणेदोनशे कोटींच्या जागी ९२ कोटींच्या आसपास जमले. 'बाजारात तुरी' म्हणतात, त्यातला हा प्रकार. इथे तर बाजारातही तुरी नव्हत्या.

आता आपल्या चार कसोट्या लावून पाहा. इसार? माल हाच इसार म्हणून सांगितला, पण तो तपासला कोणी? रोजचा हिशेब? सौदे संपले की नवे करून पुढे ढकलले जात, त्यामुळे देणे कधी अंगावर आलेच नाही. मुदत? हप्ते ठरले ते बुडाल्यानंतर. वजावट? येणेकरी हजारो आणि देणेकरी मूठभर, वजावट करणार कशाची?

त्यानंतर काय काय झाले! पोलिसांत गुन्हे नोंदले गेले. ठेवीदारांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्राने १९९९ मध्ये केलेला 'एमपीआयडी' कायदा या बाजाराला लागू होतो की नाही, याचा निकाल सर्वोच्च न्यायालयातून एप्रिल २०२२ मध्ये आला. तो लागू होतो, असे न्यायालयाने सांगितले. तोवर नऊ वर्षे गेली होती. दोन लाखांच्या आतल्यांना सुरुवातीलाच पैसे परत मिळाले आणि दोन ते दहा लाखांवाल्यांना निम्मे. उरलेल्यांसाठी १,९५० कोटींच्या एकरकमी तडजोडीचा प्रस्ताव येऊन त्यावर मतदान झाले ते २०२५ मध्ये. बारा वर्षे! या काळात घेणेकऱ्यांची मुले शाळेतून कॉलेजात आणि कॉलेजातून नोकरीत गेली. लेहमनचे तीन आठवडे आणि आपली बारा वर्षे, यांतले अंतर चोरांच्या प्रमाणावरून मोजता येत नाही. सौदा मोडल्यावर काय करायचे हे आधी लिहून ठेवले होते की नव्हते, यावरून ते पडते.

कठोर कोण?

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. इसार संपला की रात्रीतून सौदे कापायचे, माणसाला चार दिवसांची उसंत द्यायची नाही, ही कसली माणुसकी? २० एप्रिल २०२० ची गोष्ट अनेकांना आठवत असेल. टाळेबंदीत जगाला तेल नकोसे झाले आणि अमेरिकेत कच्च्या तेलाच्या मे महिन्याच्या वायद्याचा भाव चक्क शून्याखाली गेला. मुंबईच्या एमसीएक्सवर टाळेबंदीमुळे बाजार संध्याकाळी पाचला बंद होत होता. तेल कोसळले ते रात्री. इकडच्या माणसाला आपला सौदा विकून बाहेर पडायची संधीच मिळाली नाही. हिशेब मिटवला गेला तो पिंपाला उणे २,८८४ रुपये भावाने. एका सौद्यात १०० पिंपे. म्हणजे खरेदीचे सगळे पैसे बुडाले ते वेगळेच, वर दर सौद्याला २,८८,४०० रुपये भरायचे. ज्या ग्राहकांनी भरले नाहीत त्यांच्याबद्दल दलालांना भरावे लागले आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले.

यात अन्याय झाला असे वाटणे स्वाभाविक आहे. दार बंद असताना आग लागली तर आतल्याला दोष कसा द्यावा? बाजाराच्या वेळा आणि भाव ठरवण्याचा नियम यांवर टीका व्हायलाच हवी होती. पण त्याच वेळी हेही पाहावे की, ज्यांचे येणे होते त्यांना ते मिळाले. साखळी तुटली नाही. एकाचे दुःख हजारांचे झाले नाही. एमसीएक्स आणि स्पॉट एक्स्चेंज ही दोन्ही एकाच उद्योगसमूहाने उभी केलेली होती, हे इथे मुद्दाम सांगायला हवे. एकीकडे नियामकाचा पहारा आणि इसाराची शिस्त होती, दुसरीकडे नव्हती. कठोर वाटणारा नियम त्या रात्री एकाला लागला. दयाळू वाटणाऱ्या ढिलाईने हजारो घरांना बारा वर्षे रखडवले. मग खरे कठोर कोण?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. केंद्राने २०२० मध्ये द्विपक्षीय वजावटीचा कायदा केला आणि तो १ ऑक्टोबरपासून लागू झाला. वर सांगितलेली ५० आणि ७० हजारांची अडचण त्याने दूर केली. एक पक्ष बुडाला तर दोघांमधले सगळे पात्र सौदे एकदम कापून एकच आकडा काढायचा. उत्तम झाले. पण कोणासाठी? रिझर्व्ह बँक, सेबी अशा नियामकांच्या छत्राखाली असलेल्या बड्या संस्थांच्या सौद्यांसाठी. सिल्लोडचा शेतकरी आणि जिनिंगवाला त्यात बसत नाहीत. शिवाय ज्याला वजावट आणि इसार यांचे कवच आहे तो आपले काढून घेऊन बाजूला होतो. मागे राहतो तो कामगार, छोटा पुरवठादार आणि ठेवीदार, आणि त्यांच्यासाठी भांड्यात तेवढे कमी उरते. मोठ्यांना तात्काळ निकाल आणि लहानांना रांग, असे चित्र असेल तर ते शहाणपण अर्धे म्हणावे लागेल.

मराठवाड्याने ही रांग जवळून पाहिली आहे. गेल्या काही वर्षांत पतसंस्था आणि मल्टिस्टेट संस्था बुडाल्या, निवृत्तीचे आणि मुलीच्या लग्नाचे पैसे अडकले, म्हातारी माणसे जिल्हाधिकारी कचेरीसमोर बसली. बँक बुडाली तर फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांपर्यंत ठेवविमा आहे. २०२१ च्या दुरुस्तीने, बँकेवर निर्बंध आल्यापासून ९० दिवसांत ती रक्कम ठेवीदाराला मिळावी अशी सोयही झाली. ठरलेली रक्कम, ठरलेली मुदत आणि आधी साठवलेला निधी. ठेवीदारासाठी हाच तो 'सौदा मिटवण्याचा' नियम. पतसंस्थेला हे कवच नाही आणि मल्टिस्टेट पतसंस्थेलाही नाही. पाटीवर 'बँक' असल्यासारखा थाट असला तरी नाही. दोन टक्के जास्त व्याजाची किंमत काय असते, ती ही.

मोंढ्यातही हेच. उधारीवर शेतमाल उचलून व्यापारी परागंदा झाल्याच्या बातम्या हंगामात वाचायला मिळतात. गुन्हा नोंदला जातो, पण शेतकऱ्याचे पेरणीचे पैसे कोणी देत नाही. बाजार समितीला परवानाधारकाकडून तारण घेण्याचा अधिकार आहे. ते तारण त्याच्या उलाढालीच्या मानाने किती आहे, हे मोंढ्यातल्या फळ्यावर लिहायला काय हरकत आहे? उलाढाल वाढली की तारण वाढवायचे आणि पैसे थकले की ठरल्या दिवशी त्या तारणातून शेतकऱ्याला द्यायचे. लंडनचे क्लिअरिंग हाऊस याहून वेगळे काही करत नाही. सरकारचा हात मात्र वेगळ्याच ठिकाणी लवकर पोहोचतो. सोयाबीनचे भाव चढले तेव्हा २० डिसेंबर २०२१ ला सोयाबीनसह सात मालांचे नवे वायदे सेबीने थांबवले, चालू सौदे फक्त मिटवू दिले आणि ती मुदत पुढे पुन्हा पुन्हा वाढवली. सगळा बाजारच बंद करणे सोपे असते. शेतकऱ्याला पैसे मिळतील याची हमी उभारायला कष्ट पडतात.

समोरचा पक्ष आपल्याच घरात

शेवटी घरातली गोष्ट. इतका वेळ आपण समोरचा पैसे देत नाही असे धरून चाललो. परंतु आज पुष्कळ घरांत पैसे न देऊ शकणारा पक्ष आपलाच मुलगा असतो. सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या पाहणीप्रमाणे २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या. सगळ्यांचा मिळून तोटा १ लाख ८० हजार कोटींहून जास्त, माणशी सरासरी सुमारे दोन लाख. पुढच्या वर्षी, म्हणजे २०२४-२५ मध्येही, ९१ टक्के तोट्यातच होते.

क्लिअरिंग कॉर्पोरेशन तुम्हाला समोरच्याच्या दिवाळ्यापासून वाचवते. तुमच्या स्वतःच्या चुकीच्या अंदाजापासून ती कोणालाच वाचवत नाही. तुमचा इसार कमी पडला की दलाल तुमचा सौदा कापतो, तारण ठेवलेले शेअर विकतो आणि तरीही खात्यात उणे उरले तर ते तुमच्याकडून मागतो. ऑप्शन विकत घेणाऱ्याचा तोटा भरलेल्या पैशापुरता असतो. ऑप्शन विकणाऱ्याचा आणि फ्युचर्सवाल्याचा तसा नसतो. हे वाक्य आईवडिलांनी मुलाला एकदा शांतपणे विचारून पाहावे, "तू यातला कोण?" त्याला उत्तर देता आले नाही, तर त्याने तो धंदा थांबवावा. आणि तो आधीच अडचणीत असेल, तर त्याला ओरडण्यापूर्वी सौदे मिटवायला सांगावे. तोटा लहान असताना कापला तर पगारातून फिटतो. लपवत, उधार आणत पुढे ढकलला तर शेतावर येतो.

पैसे कुठेही घालताना, मग तो वायदा असो, ठेव असो की मालाची उधारी, एवढेच विचारावे की, समोरच्याने दिले नाहीत तर कोण देईल, कशातून देईल, कोणत्या भावाने आणि किती दिवसांत? उत्तर कागदावर मागावे. 'काळजी करू नका, आम्ही आहोत ना' असे उत्तर मिळाले, तर पाकीट परत खिशात ठेवावे आणि घरी यावे.